उभ्या गाडीचे देणे

रस्त्याच्या कडेला रीतसर उभी केलेली गाडी. मालक जागेवर नाही. परत येऊन पाहतो तर मागचा बंपर फुटलेला आणि दारावर लांबलचक चरा. ठोकणारा सापडला, म्हणजे सोसायटीच्या सीसीटीव्हीत त्याच्या गाडीचा नंबर दिसला किंवा समोरच्या दुकानदाराने त्याला पाहिले, की मालकाच्या कानावर दोन प्रकारचे सल्ले पडतात. एक म्हणतो, सोडू नका, चांगला धडा शिकवा. दुसरा म्हणतो, जाऊ द्या हो, कशाला वाढवायचं, विमा आहे ना. पहिला सल्ला रागातून आलेला आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते, त्यामुळे त्याचा मोह आवरता येतो. दुसऱ्याचे तसे नाही. त्याच्यामागे संतांची, क्षमेची, मोठ्या मनाची पुण्याई उभी असते आणि तिच्यासमोर भरपाई मागणारा आपोआप लहान ठरतो. चार पैशांसाठी माणुसकी सोडणारा, कोत्या मनाचा, असे त्याच्याबद्दल बोलले जाते. हा निवाडा मला चुकीचा वाटतो. नुकसान करणाऱ्याकडे भरपाई मागणे आणि त्याला क्षमा करणे यांच्यात विरोध नाही. उलट, ठोकणाऱ्याने देणे कबूल केल्याशिवाय क्षमा करण्याजोगे मालकाच्या हाती बहुतेक वेळा काही येतच नाही. प्रश्न एका बंपरचा दिसत असला तरी धर्मविचाराने तो फार पूर्वी हाताळलेला आहे, आणि आज ज्या सैलपणे आपण तो हाताळतो त्यापेक्षा पुष्कळ काटेकोरपणे.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय व्यवहाराचा, म्हणजे कज्जेखटल्यांचा आहे. त्यात वाहनांच्या अपघातांवर सलग काही श्लोक येतात. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी एकाएकी आडवी गेली किंवा मागे सरली, आख मोडला, चाक मोडले, चामड्याचे बंद, जोते किंवा कासरा तुटला, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून बजावले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही. पण हाकणाऱ्याच्या अडाणीपणामुळे गाडी भलतीकडे गेली आणि इजा झाली, तर मालकाला दोनशेंचा दंड. हाकणारा तयारीचा असूनही त्याच्या हातून ते घडले, तर दंड त्याला. हाकणारा कच्चा असताना त्या गाडीत बसणाऱ्यांनाही प्रत्येकी शंभर. याज्ञवल्क्य स्मृतीत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच धर्तीचे नियम आहेत. या श्लोकांच्या अगदी आधी मनू एक सर्वसाधारण नियम सांगतो आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. दुसऱ्याची वस्तू जो बिघडवील, मग ते जाणूनबुजून असो की नकळत, त्याने त्या वस्तूच्या मालकाचे समाधान करून द्यावे आणि तितकीच रक्कम राजाला दंड म्हणून भरावी. ‘मुद्दाम नाही हो केलं’ हे आज पार्किंगमध्ये सर्रास ऐकू येणारे उत्तर समाधानाच्या प्रश्नाला लागू पडत नाही, हे इथे गृहीत धरलेले आहे. बंपर फुटला तो हेतूने फुटलेला नसतो, धक्क्याने फुटलेला असतो, आणि तो धक्का कुणाच्या तरी गाडीचा असतो.

महाराष्ट्रात मनुस्मृतीचे नाव घेताना एक गोष्ट स्पष्ट करावी लागते आणि करायलाच हवी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले, ते योग्य कारणासाठी झाले. ज्या ग्रंथात अपराध तोच असताना वर्णानुसार शिक्षा बदलते, तो न्यायाचा आधार होऊ शकत नाही. मी त्याला प्रमाण मानून पुढे करत नाही. ज्या परंपरेच्या नावाने ‘जाऊ द्या’ म्हटले जाते, त्या परंपरेच्या व्यवहारग्रंथांत नुकसानीच्या बाबतीत ‘जाऊ द्या’ नव्हते, एवढ्याचा तो पुरावा आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातला व्यवहाराचा भाग वाचला की ऋण, ठेव, मोडतोड, हद्दीचे वाद यांचा किती बारीक विचार या शास्त्रकारांनी केला होता ते दिसते. आणि ज्या जागी मनू घसरतो तिथे ॲरिस्टॉटलची मदत घेता येते. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात तो म्हणतो की नुकसानीचा निवाडा करताना सज्जनाने दुर्जनाचे नुकसान केले की दुर्जनाने सज्जनाचे, हे पाहायचे नसते, दोघांना समान धरून फक्त नुकसानीचे माप पाहायचे असते. ठोकणारी गाडी कोट्यवधींची आणि ठोकलेली रिक्षा जुनी, किंवा याच्या उलट, यामुळे फुटलेल्या काचेची किंमत बदलत नाही.

मनूच्या नियमात एक बारकावा आहे तो आपल्या रस्त्यांवर पार पुसला गेला आहे. मालकाला द्यायचे ते वेगळे आणि राजाला द्यायचे ते वेगळे. पहिले नुकसानीपोटी, दुसरे बेफिकिरीपोटी. नुकसान झालेल्या माणसाचा हक्क फक्त पहिल्यावर आहे. शिक्षा करण्याचा अधिकार त्याचा नाही आणि शिक्षेची रक्कमही त्याची नाही. आधुनिक कायद्यात हीच विभागणी दिवाणी आणि फौजदारी अशी दिसते. रस्त्यावरच्या मांडवलीत मात्र दोन्हींची मिसळ होते. चार माणसे गोळा होतात, आवाज चढतो, गाडीची चावी काढून घेतली जाते, आणि गॅरेजवाल्याने अजून गाडी पाहिलेलीही नसताना दहा हजार, पंधरा हजार असे आकडे फेकले जातात. त्या आकड्यात बंपर असतो, राग असतो, जमावाची दहशत असते आणि ‘याला अद्दल घडली पाहिजे’ हेही असते. भरपाई मागण्याला आपल्याकडे जी बदनामी चिकटली आहे तिचे मोठे कारण हे आहे, आणि ती बदनामी त्या प्रकाराला शोभतेही. पण म्हणून मागणेच सोडावे असे त्यातून निघत नाही. मागणी बिलाइतकी असावी, एवढेच निघते. आधीपासून असलेला डाव्या बाजूचा पोचा याच निमित्ताने काढून घेणे, पेंट उडालेल्या एका दाराच्या जागी अख्खी बाजू रंगवून घेणे, हे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे आहे. ज्याला धर्माच्या बाजूने मागायचे आहे त्याने आधी आपल्याच मागणीतला राग आणि हाव बाहेर काढून ठेवली पाहिजे, आणि असे केल्यावर जी रक्कम उरते ती मागताना त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही.

आता क्षमेकडे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा एक संवाद आहे. सगळे गमावून वनात आलेल्या नवऱ्याला राग कसा येत नाही, असे द्रौपदी विचारते आणि प्रल्हादाने आपला नातू बळी याला केलेला उपदेश सांगते. नेहमी उग्रपणाही हिताचा नाही आणि नेहमी क्षमाही हिताची नाही, असा त्या उपदेशाचा गाभा आहे. सदैव क्षमा करणाऱ्याचे काय होते हे प्रल्हाद फार रोखठोकपणे सांगतो: त्याच्या हाताखालची माणसे त्याला मोजत नाहीत, त्याची वस्त्रे, दागिने, अंथरूण, आसन आणि त्याचे वाहनसुद्धा बिनदिक्कत वापरू लागतात. मग क्षमा कुणाला करावी याचे निकष येतात. ज्याने पूर्वी उपकार केले आहेत त्याला, ज्याला समज नव्हती त्याला, ज्याचा पहिला अपराध आहे त्याला. नकळत अपराध घडला असेल तर क्षमा करावी, पण नीट चौकशी करून, खरोखरच नकळत घडला का हे तपासून. आणि जाणूनबुजून करून वर ‘माझ्या लक्षातच आले नाही’ म्हणणाऱ्याला अपराध लहान असला तरी सोडू नये. उभ्या गाडीला धडक देऊन निघून गेलेला चालक पुढे जे बोलतो ते प्रल्हादाच्या या शेवटच्या निकषात जवळजवळ जसेच्या तसे सापडते. धक्का बसल्याचे चालकाला कळत नाही असे क्वचितच होते. आवाज होतो, स्टिअरिंगला हादरा बसतो. तो थांबला होता का, खाली उतरून पाहिले का, इकडेतिकडे नजर टाकून मग गेला का, हे सीसीटीव्हीत दिसते. ही चौकशी करणे म्हणजे संशयी असणे नव्हे. प्रल्हादाच्या मते तीच क्षमेची पूर्वअट आहे.

यावर कोणी म्हणेल की हा द्रौपदीचा पक्ष झाला, युधिष्ठिराने तर तो मान्य केला नाही. खरे आहे. तो उत्तरादाखल क्षमेची थोरवी गातो आणि क्रोधाने माणसाचा नाश कसा होतो ते सांगतो. महाभारत या वादाचा निकाल लावून मोकळे होत नाही, आणि म्हणूनच तो वाद वाचण्यासारखा राहतो. पण युधिष्ठिराचा सगळा रोख कुठे आहे ते पाहावे. तो क्रोधाविरुद्ध बोलतो आहे. आपले जे आहे ते मागू नये, असे त्याने म्हटलेले नाही आणि पुढे तो तसे वागतही नाही. उद्योगपर्वात तोच युधिष्ठिर आपला वाटा मागतो, आणि युद्ध टळावे म्हणून ती मागणी कमी करत करत पाच गावांपर्यंत खाली आणतो. क्षमेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता मागणी घटवतो, शून्यावर नेत नाही. कारण शून्यावर नेली की दुर्योधनाने काही घेतलेच नव्हते असा त्याचा अर्थ झाला असता. घटवलेल्या मागणीत उदारपणाही असतो आणि झालेल्या अन्यायाची नोंदही राहते. मला वाटते, ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांच्या मनात जी चांगली गोष्ट असते ती हीच असावी, फक्त ती त्यांच्या शब्दांत उतरत नाही.

संतांची उदाहरणे अधिक अवघड आहेत आणि ती टाळून चालणार नाही. पैठणला गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला जात राहिले, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. तिच्यासमोर बंपरचे बिल घेऊन उभे राहणे अशोभनीय वाटते. पण त्या कथेत अपमान कुणाचा झाला आणि तो कुणी पोटात घातला? दोन्ही ठिकाणी नाथच आहेत. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ते थुंकणे पडत नव्हते. त्यांना जे सोडायचे होते ते सर्वस्वी त्यांचे होते. तुकोबांच्या चरित्रात हाच मुद्दा आणखी ठसठशीतपणे येतो. घरात सावकारी होती, लोकांकडून येणे होते, आणि तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, एवढा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. परंपरेने सांगितलेल्या चरित्रात त्याआधीची एक गोष्ट आहे. बुडवण्यापूर्वी त्यांनी कागदांची वाटणी केली. निम्मे धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या स्वाधीन केले आणि फक्त आपल्या वाट्याचे नदीत सोडले. विरक्तीच्या त्या टोकाच्या क्षणीही दुसऱ्याच्या हक्काचे येणे माफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही, याचे भान त्यांना होते. आणि दुसरी गोष्ट अशी की बुडवायला कर्जखते होती. कुणी किती देणे लागतो हे लिहिलेले होते, ऋणकोला मान्य होते. नोंदच नसलेले कर्ज बुडवता येत नाही.

‘माझ्या वाट्याचे’ म्हणजे नेमके किती, हे आजच्या गाडीच्या बाबतीत विचारले तर उत्तर चकित करणारे निघते. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते आणि कर्ज फिटेपर्यंत नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव असते. ती घरातल्या सगळ्यांची असते. फुटलेल्या दिव्याचे पैसे ज्या पगारातून जायचे त्यावर इतरांचाही हक्क असतो. आणि ‘विमा आहे ना’ या वाक्यात तर आणखी किती तरी माणसे आहेत. प्रचलित रचनेत वर्षभर दावा केला नाही तर नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि ओळीने पाच वर्षे दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत. स्वतःच्या विम्यातून दावा केला की साधारणपणे पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. शिवाय प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या गाडीला २,०००. समजा बंपर ८,००० रुपयांचा आहे आणि झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतलेली नाही. मजुरी बाजूला ठेवली तर कंपनी देणार ३,०००, मालकाच्या खिशातून जाणार ५,०००, आणि बोनस गेला तो निराळाच. ठोकणाऱ्याचे काहीच जात नाही. आणि कंपनीने दिलेले ३,००० तरी कुणाचे? ज्यांनी वर्षभर कुणाला धक्का लावला नाही आणि कुणाचा धक्का खाल्लाही नाही, त्या हजारोंच्या हप्त्यांतून आलेले. मालकाने क्षमा केली असे म्हणायचे, पण तिची किंमत या अनोळखी माणसांनी चुकवायची, हे कान्होबाचे कागद नदीत सोडण्यासारखे आहे.

कायद्याने हे ओझे कुणी उचलायचे ते ठरवून दिले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. मूळ अधिनियमात त्याची मर्यादा अवघी ६,००० रुपये होती. खासगी मोटारींच्या रूढ पॉलिसीत ती साडेसात लाखांपर्यंत असते. याच अधिनियमाचे कलम १३४ चालकाची कर्तव्ये सांगते. माणूस जखमी झाला किंवा तिसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर, पोलीस जागेवर नसल्यास, जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत खबर द्यायची, आणि आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवायचे. उभ्या गाडीला ठोकून निघून जाणारा माणूस असभ्य वागतो एवढेच नाही, हे कर्तव्यही तो मोडत असतो. ही व्यवस्था मला धर्मविचाराच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे ‘गरिबाकडून कसे मागायचे’ हा सर्वांत गंभीर आक्षेप बराचसा हलका होतो.

तो आक्षेप असा. ठोकणारा टेम्पोचा चालक आहे, भाड्याची रिक्षा चालवणारा आहे, जेवणाची पार्सले पोचवणारा मुलगा आहे. एका बंपरची रक्कम म्हणजे त्याची आठवड्याची कमाई. मागणारा मोठ्या गाडीचा मालक. इथे मागणे क्रूर नाही का? आहे, जर मागणी त्या चालकाच्या खिशावर असेल तर. पण टेम्पोला मालक असतो. अडाणी हाकणाऱ्याच्या चुकीसाठी मनूने मालकाला जबाबदार धरले, आणि कामावर ठेवलेल्या माणसाने काम करताना केलेल्या नुकसानीला धनी जबाबदार, हे आजच्या कायद्याचेही तत्त्व आहे. टेम्पोला विमाही असतो, आणि तो सक्तीचा करण्यामागचा विचारच हा होता की नुकसान झालेल्याचे समाधान ठोकणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये. तेव्हा गरीब चालकाच्या बाबतीत योग्य प्रश्न ‘मागावे का’ हा नसून ‘कुणाकडे मागावे’ हा आहे. तरीही काही वेळा मालक, विमा, काहीच हाताशी लागत नाही आणि समोर एकटा, कपाळावर घाम आलेला तरुण उरतो. तिथे सोडून द्यावे, निम्मे घ्यावे, हप्ते करून घ्यावेत; पण रक्कम सांगून, त्याने ती मान्य केल्यावर. न सांगता सोडले तर तो सुटल्याचा आनंद घेऊन जातो. सांगून सोडले तर आपल्यामुळे दुसऱ्याने काय सोसले हे त्याला कळते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. उभी असलेली वस्तू नेहमी मोठी मोटारच असते असे नाही. ती भाजीची हातगाडी असते, रात्री फुटपाथच्या कडेला लावलेली रिक्षा असते, डिलिव्हरीवाल्याची दुचाकी असते. रिक्षाची काच फुटली की दुसऱ्या दिवशीचा धंदा जातो. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, पगार चालू आहे, त्याला ‘जाऊ दे’ म्हणणे परवडते. हेच एकदा सगळ्या समाजाचे शिष्टाचार बनले की रिक्षावाल्याकडूनही त्याची अपेक्षा होते, आणि तो अडून बसला तर त्याला भांडखोर म्हणतात. सोसण्याचे सामर्थ्य ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी घालून दिलेल्या औदार्याच्या रिवाजाची खरी झळ सोसण्याचे सामर्थ्य नसलेल्यांना बसते. चांगल्या स्थितीतल्या माणसाने शांतपणे, पावतीसह, बिलाइतके मागण्याचा पायंडा पाडला, तर तसेच मागणे रिक्षावाल्यालाही सोपे जाईल. केवळ या कारणासाठीसुद्धा मी मागण्याच्या बाजूने आहे.

गाडी चुकीच्या जागी लावली होती, हा आणखी एक नेहमीचा बचाव. तो पूर्णपणे खोटा नाही. रस्ता अडवून, वळणावर, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणारा स्वतःही एक अन्याय करत असतो आणि धोकादायक जागी वाहन सोडून जाण्याला कायद्यात मनाई आहे. पण इंग्लंडमध्ये १८४२ साली डेव्हिस विरुद्ध मॅन हा खटला झाला, त्यातला युक्तिवाद इथे फार उपयोगी आहे. एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला सार्वजनिक रस्त्यावर चरायला सोडले होते. भरधाव आलेल्या घोडागाडीने त्याला चिरडले. गाढव तिथे असायलाच नको होते, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ते चुकीच्या जागी होते म्हणून त्याच्यावर गाडी घालण्याची मुभा मिळत नाही; बेताने हाकले असते तर टाळता आले असते. पुढे कायदा अधिक बारीक झाला आणि दोघांची चूक असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कमी करायची, अशी पद्धत रुळली. तेव्हा नो पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याने मागताना आपला हिस्सा स्वतःहून वजा करावा. दुसऱ्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्याला हे टाळता येणार नाही.

‘त्याचे त्याला मिळेल, वर सगळे लिहिलेले असते’ असे म्हणून सोडून देणारे कर्मसिद्धान्ताचा आधार घेतात. पण धर्मशास्त्रात पापाचे फळ आणि माणसाचे देणे यांची खाती कधीच एक केलेली नाहीत. किरकोळ वस्तूच्या चोरीचे प्रायश्चित्त सांगताना मनूच अट घालतो की आधी चोरलेली वस्तू परत करायची आणि मग कृच्छ्र, म्हणजे उपासाचे व्रत, आचरायचे. नुसत्या उपासाने देणे फिटत नाही. तर मग नुकसान झालेल्या माणसाने ते देणे पुढच्या जन्मावर सोपवावे, असे त्याच सिद्धान्ताच्या नावाने सांगणे कसे बसते? ठोकणाऱ्याचे भले चिंतणाऱ्यालासुद्धा मागावेच लागेल, कारण फेडण्याची संधी याच जन्मात, याच आठवड्यात समोर आहे. ज्यू परंपरेतल्या मिश्नामध्ये, इजेच्या प्रकरणी, याच्या पुढची पायरी सांगितली आहे. पैसे भरले तरी, ज्याला दुखवले त्याची क्षमा मागेपर्यंत अपराध्याला क्षमा नाही; आणि मागितल्यावर ती नाकारणाऱ्याने निर्दय होऊ नये. भरपाई आणि क्षमा यांचा क्रम तिथे इतका स्वच्छ आहे की एकीच्या जागी दुसरी ठेवण्याचा विचारही कुणाच्या मनात येऊ नये.

वेळेचा आणि त्रासाचा मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. चार-पाच हजारांसाठी ठाण्यात खेटे घालणे, फुटेज मिळवणे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करणे, यात जाणारे दिवस बंपरपेक्षा महाग पडतात. अशा वेळी एखाद्याने पाठपुरावा सोडला तर त्याला दोष देता येणार नाही. माझी हरकत एवढीच की त्याने त्याला क्षमा म्हणू नये. थकून सोडले, परवडत नाही म्हणून सोडले, असे म्हणावे. तसे म्हटले की अडचण कुठे आहे ते दिसत राहते: लहान नुकसानीच्या दाव्यांसाठी सोपी वाट नाही, ही व्यवस्थेची उणीव आहे, आणि तिच्यावर सद्गुणाचे पांघरूण घातले की ती दुरुस्त करण्याची निकड संपते.

शेवटी, ठोकणारा पळतो तो का, याचाही विचार करायला हवा. सगळेच काही निर्ढावलेले नसतात. मालक तिथे नाही, कुणी पाहिलेले नाही, ही स्थिती प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये सांगितलेल्या गायजीसच्या अंगठीसारखी आहे, तिचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य होतो आणि मग तो कसा वागेल हा प्रश्न उरतो. काही जण थांबतातही. वायपरखाली नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून जातात. पण चिठ्ठी ठेवायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जर फक्त जमाव, शिव्या आणि मनाला येईल तो आकडा असेल, तर त्याचा हात मागे येणे समजण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजूला, कुणी विचारतच नाही हे माहीत असेल तर थांबण्याची गरजच वाटत नाही. धडा शिकवणारा आणि सोडून देणारा, दोघेही चिठ्ठी न लिहिण्याचीच सवय लावतात. ज्याला चिठ्ठी मिळाली आहे त्याने त्याच दिवशी फोन करावा, थांबल्याबद्दल आधी आभार मानावेत, ओळखीच्या गॅरेजमधून लेखी अंदाज आणि फोटो पाठवावेत, आणि पटत नसेल तर दुसऱ्या गॅरेजचा अंदाज आणायला त्याला मोकळीक द्यावी. आलेले पैसे दुरुस्तीला कमी लागले तर उरलेले परत पाठवावेत.